होडीची बॅटरी विकण्याआधी हे चार प्रश्न विचारा



आपल्या प्रत्येक बॅचमध्ये किनारपट्टीवरचा एक तरी मुलगा असतो आणि त्याचा प्रश्न ठरलेला असतो. "सर, गावात बॅटरीचं दुकान टाकायचंय. कुठल्या कंपनीची डीलरशिप घेऊ?"

मी उलट विचारतो, "गावात होड्या किती?"

"असतील साठ-सत्तर."

"मग एका होडीला एका रात्रीत बॅटरी किती लागते?"

इथे वर्ग शांत होतो.

आज माझं मत स्पष्ट सांगतो. ते काही दुकानदारांना आणि डिस्ट्रिब्युटरांना आवडणार नाही. ज्याला होडीचा लोड काढता येत नाही, त्याने होडीसाठी बॅटरी विकू नये. गाडीत चुकीची बॅटरी बसवली तर गिऱ्हाईक रस्त्यात उभं राहतं, दोन शिव्या घालतं आणि रिक्षा करून घरी जातं. होडीत चुकीची बसवली तर तेच गिऱ्हाईक रात्री तीन वाजता काळोख्या पाण्यात असतं. तिथे धक्का मारायला कोणी नसतं.

बीबीए करताना मी 'कस्टमर सॅटिस्फॅक्शन' या विषयावर पानंच्या पानं लिहिली, मार्कही चांगले पडले. पण हा धडा मला दुकानाच्या काउंटरवर मिळाला, तोही माझ्याच चुकीतून.

माझी चूक

दापोलीत दुकान टाकून वर्षही झालं नव्हतं. हर्णै बंदराकडचे एक नाखवा आले. फायबरची लहान होडी, ४० हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन, सेल्फ स्टार्ट. म्हणाले, "बारा व्होल्टची चांगली बॅटरी दे."

माझ्याकडे गाडीच्या ६५ एएचच्या बॅटऱ्या पडून होत्या. स्कीम चालू होती, टार्गेट बाकी होतं. मी म्हटलं, "नाखवा, ही घ्या. गाडीत चार वर्षं हलत नाही." त्यात खोटं काहीच नव्हतं. गाडीत ती चालतेच चार वर्षं.

सात महिन्यांनी त्यांची होडी रात्री जाळी टाकून उभी होती. इंजिन बंद. जीपीएस, फिश फाइंडर, दिवे सगळं त्याच एका बॅटरीवर. पहाटे तीनच्या सुमारास जाळं ओढलं आणि सेल्फचं बटण दाबलं, तर नुसता 'टक' असा आवाज. जीपीएसचा स्क्रीन विझला. व्हीएचएफवर इतरांचं बोलणं ऐकू यायचं, पण बोलायला बटण दाबलं की सेट बंद. मोबाइलला रेंज नाही. होडी हलतेय, माणसं दमलेली, दोरी ओढून इंजिन चालू करायचे सगळे प्रयत्न फुकट. उजाडेपर्यंत प्रवाहाबरोबर वाहत गेले. सकाळी दुसऱ्या होडीने टो करून आणलं. बर्फ संपलेला, लिलावात मासळी निम्म्या भावाने गेली. जीवावरचं शेपटीवर निभावलं, एवढंच.

ते बॅटरी गोणपाटात गुंडाळून दुकानात आले. कंपनीने क्लेम नाकारला, कारण वॉरंटी कार्डावर वापर 'चारचाकी वाहन' असा होता. मला वाटलं आता आरडाओरडा होणार. तसं काही झालं नाही. नाखवा शांतपणे म्हणाले, "पोरा, किंमत तू बरोबर लावलीस. पण ही मला कशाला हवी, ते काय तू विचारलं नाहीस."

दुसरी बॅटरी माझ्या खिशातून गेली. त्या महिन्यात दुकानाचं भाडं उशिरा भरलं. पण त्याच आठवड्यात मी मीटर घेऊन त्यांच्या होडीवर गेलो. होडी बंदरातच उभी होती, तरी मला मळमळत होतं. तशातच एकेका वस्तूचा करंट मोजून वहीत लिहिला. आज माझ्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक होडीवाल्याला जे चार प्रश्न विचारले जातात, ते त्या वहीतून आलेत.

१. होडीवर काय काय चालतं आणि किती तास?
२. इंजिन सेल्फने चालू होतं की दोरीने?
३. बॅटरी परत चार्ज कुठून होणार?
४. बॅटरी होडीत नेमकी कुठे बसणार?

यात 'कुठली कंपनी' आणि 'बजेट किती' हे प्रश्न नाहीत. ते पाचवे आणि सहावे. आधी हे चार.

पहिला प्रश्न: लोड किती?

गणित शाळेतलंच आहे. वस्तू किती अँपिअर घेते, गुणिले किती तास चालते. उत्तर अँपिअर-तासात, म्हणजे एएचमध्ये. वस्तूवर वॅट लिहिले असतील तर वॅटला १२ ने भागा, अँपिअर मिळतात.

दहा तास बाहेर राहणाऱ्या लहान होडीचा हिशोब साधारण असा निघतो:

- जीपीएस आणि फिश फाइंडर: १ अँपिअर × १० तास = १० एएच
- व्हीएचएफ, ऐकण्यावर ठेवलेला आणि मध्ये दहा-बारा मिनिटं बोलणं: ५ एएच
- नॅव्हिगेशनचे एलईडी दिवे: ०.५ अँपिअर × १० तास = ५ एएच
- जाळं ओढताना लागणारा २० वॅटचा एलईडी, ४ तास: ७ एएच
- मोबाइल चार्जिंग: ३ एएच
- पाणी उपसायचा लहान पंप, २० मिनिटं: १ एएच

बेरीज ३१ एएच. तुमच्या गिऱ्हाइकाची वेगळी येईल, म्हणून दर वेळी मोजायचं.

आता तुम्ही म्हणाल, "मग ३५ एएचची बॅटरी बास की!" नाही बास. लेड-ॲसिड बॅटरी रोज निम्म्याच्या खाली नेली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. म्हणजे ३१ वापरायचे तर ६२ ची बॅटरी हवी. वर वारा बदलला, उशीर झाला, बॅटरी जुनी झाली, यासाठी पाव हिस्सा जास्त धरा. उत्तर ८० एएचच्या आसपास येतं. लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत वापरता येते, तिथे ५० एएच पुरते.

हे सगळं गिऱ्हाइकासमोर कागदावर लिहा. होडीवाल्याला डिझेल-पेट्रोलचा हिशोब तोंडपाठ असतो. "नाखवा, टाकीत किती आणि ताशी किती जातं, तसंच हे" असं सांगितलं की दोन मिनिटांत कळतं. पुढच्या वेळी तोच तुम्हाला सांगतो, "नवीन दिवा लावलाय, हिशोब बदल."

दुसरा प्रश्न: इंजिन कसं चालू होतं?

गाडीची बॅटरी वाईट नसते, तिचं काम वेगळं असतं. तिच्यात पातळ आणि भरपूर प्लेट असतात. दोन-तीन सेकंद जबरदस्त करंट द्यायचा, इंजिन फिरवायचं, आणि लगेच अल्टरनेटरने ती पुन्हा भरायची. एका स्टार्टला तिच्यातलं अगदी थोडं खर्च होतं. तिला रात्रभर दिवे आणि जीपीएस चालवायला लावलं की प्लेटवरचा मसाला झडतो आणि काही महिन्यांत ती बसते. शंभर मीटर धावणाऱ्याला डोक्यावर पाटी देऊन डोंगर चढायला लावल्यासारखं आहे हे.

डीप सायकल बॅटरीच्या प्लेट जाड असतात. ती सावकाश, तासन्‌तास करंट देते. पण मोठ्या इंजिनाच्या सेल्फसाठी लागणारा एकदम झटका तिला तितका जमत नाही.

म्हणून माझं ठाम मत: सेल्फ स्टार्टच्या होडीत दोन बॅटऱ्या हव्यात. एक फक्त इंजिनसाठी, दुसरी बाकी सगळ्यासाठी, मध्ये सिलेक्टर स्विच. रात्रभर दिवे जळून दुसरी बॅटरी संपली तरी पहिली घरी आणते. अनेक दुकानदार म्हणतात, "गिऱ्हाईक एवढा खर्च करत नाही." मी म्हणतो, तुम्ही नीट सांगितलं होतं का? स्विच विकताना मी एकच वाक्य बोलतो, "नाखवा, हा परतीचा रस्ता आहे." तरी नाही म्हणाले तर आग्रह करत नाही, पण बिलावर लिहून ठेवतो की एकच बॅटरी असल्याने इंजिन बंद ठेवून दिवे चालवू नयेत.

दोरीने चालू होणारं लहान इंजिन असेल तर एक डीप सायकल बॅटरी पुरते. तिथे उगाच दोन गळ्यात मारू नका. तोही अप्रामाणिकपणाच.

तिसरा प्रश्न: परत भरणार कशी?

सगळ्यात जास्त गडबड इथे होते. लहान आउटबोर्डवरची चार्जिंग व्यवस्था साधारण ५-६ अँपिअर देते, आणि तेही इंजिन चांगल्या वेगात असताना. काही लहान इंजिनांवर ती नसतेच. जाऊन-येऊन दोन तास इंजिन चाललं तर १०-१२ एएच परत येतात. खर्च ३१. म्हणजे रोज वीसेकचा खड्डा! घरी चार्जर लावला नाही तर चांगली ८० एएचची बॅटरीसुद्धा चौथ्या फेरीपर्यंत रिकामी. आणि दोष कोणाला? बॅटरीला आणि दुकानदाराला.

"सोलर लावू का?" हा पुढचा प्रश्न. जरूर लावा, पण हिशोबाने. ५० वॅटचं पॅनल स्वच्छ उन्हाच्या दिवशी, सगळी गळती धरून, साधारण १३ एएच देतं. आपल्या खड्ड्याच्या निम्म्याहून थोडं जास्त. १०० वॅट लावलं तर जवळपास जमतं, पण लहान होडीवर तेवढी जागा, जाळ्यांची ओढाताण आणि सावली यांचा विचार करायला हवा. खोट्या आशेवर पॅनल विकू नका.

सगळ्यात भरवशाचा उपाय अजूनही घरचा चार्जर. लेड-ॲसिडला क्षमतेच्या साधारण दहा टक्के करंट, म्हणजे ८० एएचला ८ अँपिअरचा, आपोआप कमी होणारा चार्जर. होडीतून आल्या आल्या लावायचा. "उद्या लावू" म्हणून रिकामी ठेवलेल्या बॅटरीत प्लेटवर सल्फेटचे कडक खडे बसतात. ते नंतर निघत नाहीत.

चौथा प्रश्न: बसणार कुठे?

जागेवरून प्रकार ठरतो. माझी मतं अशी:

*इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी.* आयुष्य चांगलं, दर एएचमागे स्वस्त. पण उंच, पन्नास किलोच्या पुढे वजन, आत मोकळं ॲसिड. लहान होडीत लाट आली की हेलकावा खाते, ॲसिड सांडतं. मोठ्या बोटीत पक्की जागा असेल तर ठीक. लहान होडीसाठी मी देत नाही.

*एजीएम, म्हणजे सीलबंद डीप सायकल.* ॲसिड सांडत नाही, पाणी घालावं लागत नाही. लहान होडीसाठी आज माझी पहिली शिफारस हीच. अट एकच, चार्जर योग्य व्होल्टेजचा हवा. जास्त चार्ज होऊन आतलं पाणी उडालं तर ते परत घालता येत नाही.

*एलएफपी लिथियम.* ५० एएचची साधारण सहा किलोची, तर ८० एएचची लेड-ॲसिड वीस किलोच्या वर. रोज खांद्यावरून घरी नेणाऱ्याला हा फरक कळतो. दोन हजारांच्या पुढे सायकल सहज मिळतात. पण चार्जर तिचाच हवा. व्होल्टेज शेवटपर्यंत जवळपास सारखं राहतं, म्हणून साध्या व्होल्टमीटरवर किती उरली ते कळत नाही, वेगळा मॉनिटर लावावा लागतो. आतला बीएमएस धोका दिसताच सप्लाय एकदम तोडतो. म्हणून कंपनीने स्पष्ट लिहिलं नसेल तर सेल्फ स्टार्टला ती लावायची नाही. मोठ्या अल्टरनेटरवर थेटही जोडायची नाही, मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर हवा.

जुन्या इलेक्ट्रिक गाड्यांचे सेल काढून, टेप गुंडाळून 'स्वस्त लिथियम' विकणारे आता तालुक्याला पोचलेत. मार्जिन भरपूर आहे. मी एकही ठेवलेलं नाही, ठेवणार नाही. लाकूड, फायबर आणि पेट्रोलच्या मध्ये बसून कोणी झोपणार असतं, हे विसरू नका.

आता पैशाचं बघू. गणित कळावं म्हणून गोल आकडे धरतो, भाव तुमच्या गावचे घाला. गाडीची बॅटरी ६,००० ची, या कामात आठ महिने टिकली, तर वर्षाला ९,०००. एजीएम डीप सायकल १२,००० ची, तीन वर्षं, म्हणजे वर्षाला ४,०००. लिथियम चार्जरसकट १९,०००, सहा वर्षं, म्हणजे वर्षाला साधारण ३,२००.

कागदावर लिथियम जिंकली. तरी मी प्रत्येकाला ती देत नाही. कारण १९ हजार एकरकमी आणायचे कुठून? आपल्याकडे अनेक लहान होडीवाले व्यापाऱ्याकडून उचल घेतात आणि मग मासळी त्यालाच, त्याच्या भावाने द्यावी लागते. माझ्या दुकानातल्या भारी बॅटरीपायी कोणी अशा उचलीत अडकणार असेल, तर ती विक्री मला नको. त्याला चांगली एजीएम द्या, निगा शिकवा, तीन वर्षांनी तोच माणूस स्वतःच्या पैशाने लिथियम घ्यायला येईल.

एक गोष्ट मात्र दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघांच्याही सोयीची झाली आहे. लेड-ॲसिड बॅटरीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. लिथियम आधीच १८ मध्ये होती. जुने रेट डोक्यात ठेवून कोटेशन देऊ नका.

जोडणीत कंजुषी नको

माझ्या नाखवांचा व्हीएचएफ बोलताना का बंद पडला? बॅटरी उतरली होती हे खरं, पण वायरही बारीक होती. ऐकताना सेट अर्धा अँपिअरही घेत नाही, बोलताना पाच-सहा घेतो. बॅटरीपासून सेट पाच मीटरवर असेल, तर जाऊन-येऊन दहा मीटर वायर झाली. दीड स्क्वेअर एमएमच्या वायरमध्ये तेवढ्यात पाऊण व्होल्टच्या आसपास गळतो. चार स्क्वेअर एमएम घातली तर पाव व्होल्टच्या जरासा वर. बॅटरी आधीच खाली असेल तेव्हा हाच अर्धा व्होल्ट 'मदत पाठवा' हे शब्द बाहेर जाणार की नाही ते ठरवतो. चॅनल १६ संकटासाठी आहे, कोस्ट गार्डचा नंबर १५५४ आहे, हे सगळ्यांना पाठ असतं. पण करंटच नसेल तर पाठांतराचा उपयोग नाही.

जोडणीचे माझे नियम:

- वायर शक्यतो कल्हईची तांब्याची. साधं तांबं खाऱ्या हवेत आतून हिरवं-काळं पडतं.
- पीळ मारून टेप लावायची नाही. क्रिम्पिंग करून लग लावायचे, वर हीट श्रिंक.
- पॉझिटिव्हवर फ्यूज, बॅटरीच्या अगदी जवळ आणि वायरच्या क्षमतेनुसार.
- बॅटरी झाकणाच्या पेटीत, पट्ट्याने बांधलेली, होडीच्या तळापासून उंच. पेटीला वरच्या बाजूला हवा जायला जागा हवी, कारण चार्ज होताना हायड्रोजन निघतो. तिथे बिडी पेटवायची नाही.
- मोकळ्या ॲसिडच्या बॅटरीत समुद्राचं पाणी गेलं तर विषारी क्लोरीन वायू तयार होतो. हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचंच.

निगा: रोज दोन मिनिटं, बंदीत दोन महिने

'मेंटेनन्स फ्री' हा शब्द आपल्या धंद्यातला सगळ्यात मोठा गैरसमज. त्याचा अर्थ पाणी घालावं लागत नाही, एवढाच. चार्जिंग, सफाई आणि तपासणी प्रत्येक बॅटरीला लागते.

*प्रत्येक फेरीनंतर:* लगेच चार्जिंग. पेटीवरचं खारं पाणी गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसायचं.

*दर आठवड्याला:* टर्मिनल घट्ट आहेत का बघायचं. पांढरी-हिरवी पूड दिसली तर बॅटरी सोडवून, खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसून, कोरडी करून व्हॅसलिन लावायचं. सोड्याचं पाणी सेलच्या आत जाऊ द्यायचं नाही.

*दर महिन्याला:* चार्ज करून, काही तास तशीच ठेवून व्होल्टेज मोजायचं. लेड-ॲसिडला १२.६ किंवा वर म्हणजे भरलेली, १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे धोका. पूर्ण चार्ज करूनही दुसऱ्या दिवशी १२.४ च्या वर टिकत नसेल तर तपासणीला आणायची. पाण्याच्या बॅटरीत चार्जिंगनंतर डिस्टिल्ड वॉटर घालायचं. प्लेट उघड्या असतील तरच चार्जिंगआधी, त्या बुडतील इतपत. आरओचं किंवा बाटलीतलं प्यायचं पाणी नाही, आणि ॲसिड तर कधीच नाही.

*बंदीच्या काळात:* १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस. होड्या वर घेऊन शाकारल्या जातात, आणि बॅटरी तशीच आत राहते! इथेच सगळ्यात जास्त बॅटऱ्या मरतात. लेड-ॲसिड नुसती पडून राहिली तरी हळूहळू उतरते. तिला घरी आणा, पूर्ण चार्ज करा, कोरड्या जागी फळीवर ठेवा, महिन्यातून एकदा पुन्हा चार्ज करा. एलएफपी उलट निम्म्या चार्जवर ठेवायची, वायरी काढून. मग नारळी पौर्णिमेच्या आसपास काउंटरवर रांग लागणार नाही आणि "काल चालत होती हो" हे ऐकावं लागणार नाही.

यात तुमचा धंदा कुठे?

आता काही जण म्हणतील, "सर, बॅटरी जास्त टिकली तर आम्ही विकणार काय?" हा प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही सरळ देतो.

वर्षाला एक बॅटरी बदलणारं गिऱ्हाईक तुमचं नसतं. ते दर वर्षी पाच रुपये स्वस्त देणाऱ्याकडे जातं. ज्याची बॅटरी तीन वर्षं टिकली, त्याची वायरिंग तुम्ही करता, स्विच, चार्जर, दिवे, पंप, फ्यूज तुमच्याकडून जातात, आणि त्याच्या शेजारच्या होडीलाही तुम्हालाच बोलावतात. त्या नाखवांनी मला नंतर किती होड्या आणून दिल्या, ते मी मोजणं सोडलंय. बॅटरीवरचं मार्जिन सगळीकडे सारखंच घासलेलं असतं, हाताच्या कामाचा भाव तुम्ही ठरवता.

सुरुवातीला मोठं भांडवल लागत नाही. चांगला डीसी क्लॅम्प मीटर, हायड्रोमीटर, लोड टेस्टर, क्रिम्पिंग टूल, वायरचे दोन-तीन रोल आणि एक वही. स्टॉक कमी ठेवा. लेड-ॲसिड दुकानातही उतरते, म्हणून बनवल्याची तारीख बघून माल घ्या, जुना आधी काढा, पडून असलेल्याला चार्ज देत राहा. 'नवीन' म्हणून सहा महिने धूळ खाल्लेली बॅटरी देणं, हीसुद्धा फसवणूकच.

माझ्याकडे चालतात अशा तीन सेवा सांगतो. पहिली, लोड तपासणी: होडीवर जाऊन मोजायचं, कागद द्यायचा, बॅटरी माझ्याकडून घेतली तर ती फी वळती करायची. दुसरी, बंदीतली देखभाल: मेअखेर बॅटरी जमा, दोन महिने चार्जिंग आणि तपासणी, ऑगस्टमध्ये परत. पावसाळ्यात बाकी धंदा थंड असतो, तेव्हा हेच दुकान चालवतं. तिसरी, जुन्या बॅटरीची परतफेड. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करून रिसायकलिंगला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. त्या साखळीत दुकान म्हणून सामील व्हा, जुन्याचे पैसे वजनाने, गिऱ्हाइकासमोर काटा लावून द्या. ॲसिड खाडीत ओतून शिसं भंगारात देणारा माणूस ज्या खाडीवर गाव जगतं, तीच नासवतो.

हे काम वाढणारच आहे. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते मासेमारी बोटींवर ट्रान्सपॉन्डर बसवण्याची देशव्यापी योजना सुरू झाली. एक लाख बोटींचं उद्दिष्ट आहे. बोटीवर इलेक्ट्रॉनिक वस्तू येत जाणार आणि त्या समजणारा माणूस बंदरावर लागणार. तो शहरातून येणार नाही. तो तुमच्यातलाच कोणीतरी असायला हवा.

या आठवड्यासाठी एकच गृहपाठ. आपल्या बंदरावर जा, ओळखीच्या एका होडीवर बसा, आणि वर दिली तशी यादी करून एका रात्रीचा लोड काढा. विकायला काही नेऊ नका. फक्त मोजा, लिहा आणि तो कागद नाखवांच्या हातात द्या. मीटर कसा लावायचा ते व्हिडिओत सावकाश दाखवलंय.

आणि हो, मळमळीची गोळी आधीच घेऊन जा. माझ्यासारखी फजिती नको.

भेटू पुढच्या आठवड्यात. धंदा करा, पण विचारून करा!